मारलेला खडा, मांडलेला खडा

गो शिकायला बसलेला माणूस पहिले काही दिवस समोरच्याचे खडे मारायला नुसता धावत सुटतो. बुद्धिबळाची सवय असली तर विचारायलाच नको. तिथं मोहरा मारला की पारडं जड झालं, हे बाळकडूच असतं. इथं मात्र सहा खडे मारून ते वाटीच्या झाकणात दिमाखात मांडून ठेवले तरी शेवटी वीस गुणांनी डाव जातो, आणि समोरचा जाणकार वर सांगतो, ‘मारलेत ते ठीक, पण आकार बिघडला.’ हा आकार म्हणजे नक्की काय, तो कशानं बिघडतो आणि खडे मारण्याशी त्याचं नातं काय, यावर चीन, जपान आणि कोरियात शतकानुशतकं खल चाललाय. गेल्या दहा वर्षांत यंत्रांनीही त्यात तोंड घातलंय. आकार आणि मार हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, तिथंच गाडी रुळावरून घसरते, असं माझं मत आहे. त्याचीच ही झाडाझडती.

ज्यांनी पट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी नियम दोन ओळींत. चीनमध्ये वेइची, जपानमध्ये इगो, कोरियात बादुक, खेळ एकच. उभ्या १९ आणि आडव्या १९ रेघा, त्यांच्या ३६१ चौफुल्या. काळ्या-पांढऱ्यांनी आळीपाळीनं एकेक खडा चौफुलीवर ठेवायचा. ठेवलेला खडा मग हलत नाही. रेघेनं थेट लागून असलेल्या रिकाम्या चौफुल्या हे त्या खड्याचे श्वास. हा शब्द मी पदरचा घातलेला नाही, चिनी खेळाडू त्यांना ‘ची’ म्हणतात, म्हणजे हवा, श्वास. रेघेनं चिकटलेले एकाच रंगाचे खडे मिळून श्वास घेतात. शेवटचा श्वास कोंडला की सगळा गट पटावरून उचलायचा. एकच श्वास उरणं म्हणजे अतारी. शेवटी ज्यानं जास्त मुलूख वेढला तो जिंकला.

आता हिशेब. पटाच्या मधोमध एकट्या खड्याला ४ श्वास, काठावर ३, कोपऱ्यात २. मध्ये दोन खडे जोडून ठेवले तर ६. तीन खडे एका रेघेत ठेवले तर ८. तेच तीन खडे काटकोनात वळवा आणि पुन्हा मोजा, ७ भरतात. काटकोनाच्या पोटातली चौफुली दोन खड्यांनी वाटून घेतलीय आणि तेवढ्यात एक श्वास गेलाय. हाच तो बदनाम ‘रिकामा त्रिकोण’, जपानीत आकी-सांकाकू. त्याच्या पोटात चौथा खडा घालून चौकोन केला तर श्वास ८, म्हणजे सरळ तीन खड्यांना होते तेवढेच. एक खडा फुकट गेला. चार खडे रेघेत असते तर १० मिळाले असते. असे गोळे वाढत गेले की जपानी लोक त्याला दांगो म्हणतात, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोळे. आपल्याकडची उकड आठवा, हाताला चिकटलेली.

पण श्वास मोजले म्हणजे आकार कळला असं नाही. त्याच काटकोनाच्या पोटात शत्रूचा खडा असेल तर तो त्रिकोण रिकामा राहत नाही. श्वास आणखी एकानं घटून ६ झालेले असतात, तरीही तो आकार वाईट ठरत नाही. कारण वळणानं शत्रूची वाट अडवली, खड्याला काम मिळालं. म्हणजे प्रश्न खड्याच्या कामाचा आहे. जे काम दोन खड्यांत झालं असतं त्याला तीन लागले, की आकार बिघडला. नवशिक्यांना नुसतं ‘रिकामा त्रिकोण करू नका’ असं सांगितलं की ते त्याला मांजर आडवं गेल्यासारखे घाबरतात, आणि जिथं तीच एकमेव खेळी असते तिथंही करत नाहीत. जपानीत अशा बेढब दिसणाऱ्या पण नेमक्या बसलेल्या त्रिकोणाला ‘गुझुमी’ असं वेगळं नाव आहे. अपवादाला स्वतःचं नाव मिळालं, यावरून तो किती वेळा कामाला येतो ते समजावं.

बाकीच्या आकारांची यादी लांबवता येईल, पण सगळ्यांमागे एकच ओढाताण आहे. शिवणकाम येणाऱ्याला ती एका वाक्यात कळेल. लांब टाक्यांचा धावदोरा घातला तर काम झटपट उरकतं, पण ओढ बसली की उसवतं. बारीक टाके घट्ट बसतात, पण बाही होईपर्यंत संध्याकाळ होते. एक जागा सोडून मारलेली उडी, घोड्याची चाल, मोठ्या घोड्याची चाल हे सगळे धावदोरे. तिरपी चाल हा बारीक टाका: दोन खड्यांमध्ये जोडायच्या दोन जागा असतात, शत्रूनं एक बंद केली तर आपण दुसरी घ्यायची, तुटायचा प्रश्न येत नाही. या सगळ्यांत मला सर्वांत देखणा वाटतो तो बांबूचा सांधा. दोन खड्यांची एक जोडी, मध्ये दोन मोकळ्या जागा, पलीकडे दुसरी जोडी. शत्रू एका फटीत शिरला की आपण दुसरी बुजवतो. चार खड्यांत जोडही पक्की आणि दोन्ही बाजूंना भिंतही तयार. फक्त एक धोका: आजूबाजूचे श्वास संपत आले असतील तर फट बुजवायला गेल्यावर आपणच अतारीत सापडतो. म्हणजे पुन्हा श्वास मोजणं आलंच.

खड्याचं काम मोजायचं कसं? याचं उत्तर १७व्या शतकातल्या होनिन्बो दोसाकूच्या नावावर आहे. दोसाकू (१६४५–१७०२) हा जपानच्या होनिन्बो घराण्याचा चौथा प्रमुख. त्यानं रुळवलेल्या पद्धतीला ‘तेवारी’ म्हणतात. एका कोपऱ्यातली चकमक संपल्यावर समोर काही काळे, काही पांढरे खडे उरतात. ते कुठल्या क्रमानं पडले हे विसरायचं. क्रम बदलून पुन्हा मांडायचे, नाहीतर दोन्ही रंगांचे सारखेच खडे काढून टाकायचे. मग उरलेलं चित्र बघून विचारायचं: या क्रमानं खेळलो असतो तर हा खडा मी इथं ठेवला असता का? उत्तर ‘छे, वेड लागलंय का?’ असं आलं, तर खऱ्या डावातही तो खडा तितकाच वाया गेलेला असतो. खेळताना तो अपरिहार्य वाटला होता, एवढंच. लग्नघरातला हिशेब कार्य उरकल्यावर वहीत उलट्या क्रमानं वाचला की कुठला खर्च गरजेचा होता आणि कुठला कोणाच्या तरी आग्रहानं झाला ते लख्ख दिसतं, तसंच हे. साडेतीनशे वर्षांत यापेक्षा साधं आणि निर्दय साधन मी तरी पाहिलेलं नाही.

आता मारायचं काय? मारण्यातून तयार होणारा सर्वांत प्रसिद्ध आकार म्हणजे पोन्नुकी. शत्रूच्या एकट्या खड्याभोवती आपले चार खडे, आतला खडा उचलला, उरला मधोमध रिकामा असलेला चौकट आकार. या चार खड्यांपैकी कुठलेही शेजारचे दोन घ्या, त्यांना जोडायला दोन-दोन जागा आहेत. चारी दिशांना तोंड, पोटात डोळा व्हायची सोय. डोळा म्हणजे गटानं आत वेढून राखलेली मोकळी जागा; असे दोन वेगळे डोळे असले की गट मारता येत नाही, तो जिवंत. ‘पोन्नुकी ३० गुणांची’ अशी म्हण आहे, आणि दोन खडे मारून होणाऱ्या कासवाच्या पाठीची किंमत तीच म्हण ६० सांगते.

या म्हणीत एक मेख आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. पोन्नुकी करायला आपले चार खडे लागले, शत्रूचा एक. मग शत्रूच्या बाकीच्या तीन खेळ्या गेल्या कुठं? तो कुठंतरी दुसरीकडं खेळलाय. तिथं त्यानं तीन खड्यांत ३० पेक्षा जास्त कमावलं असेल तर ही पोन्नुकी महागात पडली. पटाच्या काठाजवळ, दुसऱ्या रेघेवर केलेली पोन्नुकी तर बहुतेक वेळा शोभेचीच, कारण तिचं अर्धं तोंड भिंतीकडं. मधोमध, रिकाम्या पटाकडं बघणारी असेल तरच म्हण खरी.

गुणांच्या हिशेबातही मारलेल्या खड्याची किंमत किरकोळ आहे. जपानी पद्धतीत मारलेल्या खड्याचा एक गुण आणि त्यानं रिकाम्या केलेल्या जागेचा एक, मिळून दोन. चिनी मोजणीत तर मारलेले खडे मोजतच नाहीत; पटावर तुमचे किती खडे आणि त्यांनी किती जागा वेढली, एवढंच. मग मारण्यात एवढं काय आहे? दोन गटांना तोडणारा खडाच नाहीसा झाला की आपले दोन कच्चे गट एका झटक्यात पक्के होतात, हे आहे. जो खडा काहीच तोडत नव्हता तो मारणं म्हणजे आपल्या शेतातलं सुकलेलं झाड तोडायला दिवस घालवणं. हे कळायला मला वर्ष लागलं, आणि अजूनही हात शिवशिवतातच.

मारण्याच्या युक्त्यांमध्ये शिडी सर्वांत जुनी आणि सर्वांत फसवी. जपानीत शिचो. अतारी द्यायची, तो पळतो, पुन्हा दोन श्वास होतात, दुसऱ्या बाजूनं अतारी, तो वळतो, असं नागमोडी करत पटाच्या तिरक्या रेषेवर काठापर्यंत. वाटेत काही नसेल तर काठावर सगळा गट जातो. पण वाटेत त्याचा एकही मदतीचा खडा असेल तर तो त्याला टेकतो, तीन श्वास मिळतात, आणि आपल्या मागची सगळी भिंत पायरीपायरीला दुहेरी अतारीनं फाटायला मोकळी होते. एकदा रात्री ऑनलाइन खेळताना मी चौदा-पंधरा खेळ्या अशी शिडी चालवली. समोरचा निमूट पळत होता. तो इतका निमूट का, हा विचार मला तेव्हा शिवला नाही. पलीकडच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर त्याचा खडा डावाच्या चौथ्या खेळीपासून बसलेला होता.

चालणाऱ्या शिडीतही खाच आहे. पलीकडं शिडीच्या वाटेवर त्यानं एक खडा ठेवला की आपल्याला आधीचा खडा मारूनच टाकावा लागतो, आणि तिकडं त्याला लागोपाठ दोन खेळ्या मिळतात. म्हणून जाळं बसत असेल तर शिडी चालवू नये. जाळं, जपानीत गेता, म्हणजे पळणाऱ्या खड्याला न शिवता थोडं पुढं, तिरपा ठेवलेला खडा. कुठंही पळा, दोन पावलांवर दार बंद. कागेयामा तोशिरो हे हौशी होनिन्बो किताब जिंकून मग व्यावसायिक झाले. त्यांच्या मूलतत्त्वांवरच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण शिडी आणि जाळ्यावर आहे, चांगल्या-वाईट आकाराची पाळी बरीच पुढं येते. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

तरी शिडीबद्दल ‘कधीच नाही’ असं म्हणायची सोय नाही. २००३ साली कोरियाचा व्यावसायिक खेळाडू ली सेदोल यानं होंग चांग-सिकविरुद्ध न चालणारी शिडी जाणूनबुजून चालवली, तिच्या लांबत जाणाऱ्या भिंतीनं पलीकडच्या खड्यांवर दाब आणला आणि डाव जिंकला. हे वाचून तसं करू नका. त्याला प्रत्येक पायरीवरचं भोक माहीत होतं.

उलटा घास हा तिसरा प्रकार. शत्रूच्या तोंडात आपला एक खडा मुद्दाम द्यायचा; तो त्यानं खाल्ला की त्याचेच तीन-चार खडे एका श्वासावर येतात, आणि आपण त्याच जागी पुन्हा बसून सगळे उचलतो. या युक्तीला आवर घालणारा एक नियम भारताच्या शेजारी सापडतो. तिबेटी गो, ‘मिगमांग’ म्हणजे पुष्कळ डोळे, १७ रेघांच्या पटावर खेळतात आणि सुरुवातीलाच दोन्ही रंगांचे सहा-सहा खडे मांडलेले असतात. तिथला नियम असा की शत्रूनं नुकता जिथला खडा उचलला त्या जागी लगेच खेळता येत नाही. एका नियमानं उलटा घास एक खेळी लांबला, आणि तेवढ्या उसंतीत शत्रूला जीव वाचवायची संधी मिळाली. पट, खडे, श्वास सगळं तेच. पण जपानी पुस्तकात हमखास मेलेले आकार तिथं जिवंत राहू शकतात. आकाराची किंमत नियमांवर टेकलेली असते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

दोन गट एकमेकांना कोंडून बसले की श्वासांची शर्यत सुरू होते. तिथं मोठ्या डोळ्यांचे आकडे पाठच करावे लागतात: तीन जागांच्या डोळ्याचे ३ श्वास, चारचे ५, पाचचे ८, सहाचे १२. का, ते समजून घ्यायला एक दुपार पुरते. पाठ नसतील तर भर डावात ती दुपार मिळत नाही.

या सगळ्यावर माणसांचे स्वभाव बसलेले आहेत, आणि वाद तिथंच रंगतो. साकाता एइओ (१९२०–२०१०) यांना ‘वस्तरा’ म्हणत; १९६१ ते ६७ सलग सात वर्षं होनिन्बो किताब त्यांच्याकडं होता. काटो मासाओ यांचं टोपणनाव होतं ‘मारेकरी’, भलेमोठे गट मारण्यावरून. दुसऱ्या टोकाला ओताके हिदेओ, जे बेढब आकार करण्यापेक्षा हरणं पत्करतील अशी ख्याती. जपानात ‘ओताके सौंदर्यशास्त्र’ असा शब्दच रूढ झाला. १९९३ मध्ये इंग चषकाच्या अंतिम फेरीत या ओताकेंसमोर आला कोरियाचा सो बोंग-सू. त्या काळी कोरियातले मोठे खेळाडू जपानात शिकून येत. हा गेलाच नव्हता. रानटी गवतासारखा, मारामारीत वाढलेला खेळ. पाच डावांची झुंज ३–२ अशी सो बोंग-सूनं जिंकली. तेव्हापासून ‘सुंदर आकार की कामाचा आकार’ हा प्रश्न या सामन्याचं नाव घेऊन विचारला जातो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. सो बोंग-सूचे आकार कुरूप दिसत, कारण बघणाऱ्यांचे डोळे जपानी पुस्तकांवर तयार झालेले होते. मोजून पाहिलं तर त्याचे खडे उपाशी नव्हते.

मग यंत्रं आली. मार्च २०१६ मध्ये अल्फागो या संगणक प्रणालीनं ली सेदोलला ४–१ हरवलं. त्या अल्फागोला शिडी शिकावी लागली नव्हती. खेळी शिडीत मारते की शिडीतून सुटते, ही माहिती माणसांनी आधीच तिच्यात घातली होती. पुढच्या वर्षीच्या अल्फागो झीरोला मात्र नियमांपलीकडं काही सांगितलं नव्हतं, ती स्वतःशीच खेळून शिकली. तिच्या कर्त्यांनी नवल म्हणून नोंदवलंय की माणूस जी शिडी अगदी सुरुवातीला शिकतो ती तिला फार उशिरा समजली. उघड आहे. शिडीत आकार बघून काही कळत नाही, चालून बघावं लागतं. २००० साली क्रास्मारू आणि ट्रॉम्प यांनी तर सिद्ध केलं की पट हवा तेवढा मोठा धरला तर नुसती शिडी चालते की नाही हे ठरवणंसुद्धा संगणकशास्त्रातल्या अवघड प्रश्नांच्या पंगतीत बसतं. शाळकरी पोरगं बोटानं तिरकी रेघ मारून जे बघतं, ते हेच.

यंत्रांनी आकारांच्या बाजारभावातही उलथापालथ केली. कोपऱ्यात फार लवकर तीन-तीनच्या जागी, म्हणजे दोन्ही काठांपासून तिसऱ्या रेघेवरच्या चौफुलीवर, घुसणं जुन्या पुस्तकांत अडाणीपणा होता, कारण बाहेर शत्रूला भक्कम भिंत मिळते. यंत्रं बेधडक घुसतात. त्यांच्या लेखी ती भिंत आपण समजत होतो तेवढी मोलाची नाही. पण रिकामा त्रिकोण, दांगो, निरुद्योगी खडा यांचा भाव यंत्रांकडंही तेवढाच पडलेला आहे. भिंतीच्या किमतीबद्दल पिढ्या चुकल्या, श्वासांबद्दल चुकल्या नाहीत.

आणि श्वासांबद्दल चुकलं ते यंत्रच. २०२२ मध्ये संशोधकांनी काटागो या अव्वल प्रणालीची एक फट शोधली, आणि पुढच्या फेब्रुवारीत बातमी आली की केलिन पेलरिन या हौशी खेळाडूनं त्याच युक्तीनं १५ पैकी १४ डाव जिंकले. युक्ती काय? यंत्राला बांगडीसारखा गोल जोडलेला गट करायला लावायचं, मग इतरत्र खेळत त्याचं लक्ष गुंतवून ती बांगडी बाहेरून हळूहळू कोंडायची. गोल फिरून स्वतःलाच मिळणाऱ्या गटाचे श्वास मोजताना यंत्राची गफलत होई. जवळजवळ मेलेला गट त्याला जिवंत दिसे. आठवडाभर शिकलेल्या पोरानंही जिथं बोट ठेवून एक, दोन, तीन मोजलं असतं, तिथं जगज्जेत्याला मोजता आलं नाही.

म्हणून माझा कौल शिकवण्याच्या उलट्या क्रमाला आहे: आधी मार, मग आकाराची नावं. जपानचे व्यावसायिक ९ दान यासुदा यासुतोशी यांनी बालवाड्यांतल्या मुलांसाठी हेच केलं. जो पहिला खडा मारेल तो जिंकला, बस. मुलुखाचं नाव नाही. काही डावांतच मुलं आपोआप खडे सुटे-सुटे, एकमेकांना आधार देत मांडू लागतात, कारण गोळा करून बसणारा लवकर मरतो.

पट विकत आणायची गरज नाही. कागदावर नऊ उभ्या, नऊ आडव्या रेघा आखा. एकाला चिंचोके, दुसऱ्याला कवड्या. पहिला मार तो विजयी. दहा डाव खेळा आणि कितव्या खेळीला खडा मेला ते वहीत लिहा. अकराव्या डावापासून हरणाऱ्याच्या खड्यांत रिकामे त्रिकोण किती होते, तेही शेजारी लिहीत जा.